फळीवरच्या रामाचं वय

मी नोकरीत नेमकं काय करतो हे माझ्या सासऱ्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ते "जावई जंगलखात्यात आहेत" एवढंच सांगत, आणि ऐकणारा लगेच मनातल्या मनात आपल्या घराचं छप्पर मोजायला लागे. जंगलखात्यातला जावई म्हणजे फुकटचं सागवान, अशी आमच्या नागपुरात समजूत. एकदा मी त्यांना खरं काय ते सांगून पाहिलं. म्हणालो, "मामाजी, मी लाकडाच्या रेघा मोजतो." सासरे उठले. मग आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "पोरगी देऊन फसलो वं आपण."

तर मी रेघाच मोजल्या. लकडगंजच्या बाजूला आमचा सरकारी लाकडाचा डेपो होता, तिथे मी कारकून म्हणून लागलो. आमच्या गोऱ्या साहेबाला दर हिवाळ्यात एक नवं वेड लागायचं. आदल्या वर्षी मधमाश्या होत्या. त्या मधमाश्या कचेरीत घुसून हेडक्लार्कला चावल्या तेव्हा ते वेड आवरलं, आणि साहेब कुठल्याशा अमेरिकन मासिकात वाचून लाकडाच्या वयावर घसरला. डेपोत ज्याला इंग्रजी वाचता येतं आणि जो उन्हात बसून कुरकुर करत नाही असा मी एकटाच होतो. साहेबानं माझ्या हातात भिंग दिलं आणि पुढच्या हिवाळ्यात तो कबुतरांकडे वळला. भिंग माझ्याकडेच राहिलं.

काम समजायला अवघड नाही. सागाचं झाड दर पावसाळ्यात अंगावर एक वेढा चढवतं. पाऊस बरा झाला तर वेढा जाड, पावसानं दगा दिला तर बारीक. झाड आडवं कापलं की हे वेढे वर्तुळांसारखे दिसतात, आणि त्याच झाडाची उभी फळी काढली तर फळीच्या टोकाला त्यांच्या रेघा दिसतात. टोकाला, पसरट अंगावर नाही. मी फळीचं टोक वस्तऱ्यानं तासून गुळगुळीत करी, त्यावर तेलाचा हात फिरवी आणि भिंग डोळ्याला लावून बसे. डेपोतल्या ओंडक्यांवर तोडणीचं साल हातोड्यानं ठोकलेलं असायचं, म्हणजे सालीजवळची शेवटची रेघ कोणत्या वर्षाची ते पक्कं ठाऊक. तिथून आत एकेक वर्ष मागे जायचं. मग पाडलेल्या घरांच्या तुळया आणि मोडक्या देवळांचे खांब गोळा करायचे, आणि त्यांच्या जाड-बारीक रेघांचा क्रम आधीच्या क्रमाशी कुठे जुळतो ते पाहायचं. जुळला की आपण आणखी थोडे मागे सरकलो. हे सगळं मी कागदाच्या एका लांब पट्टीवर मांडलं होतं. ती पूर्ण उलगडली की डेपोच्या एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जायची आणि भोसल्यांच्या राजवटीच्याही पलीकडे पोचायची.

त्या पट्टीवर एक जागा अशी होती की भिंगाशिवाय ओळखू यावी. एक बारीक रेघ, मग दोन बऱ्या, आणि मग एक केसाएवढी. ही केसाएवढी रेघ म्हणजे म्हातारी माणसं ज्याला नुसतं 'छप्पनचा काळ' म्हणतात तो संवत १९५६चा, म्हणजे इंग्रजी १८९९चा दुष्काळ. बारीक रेघ त्याच्या आधीच्या दुष्काळाची. सरकारी अहवाल मी पाहिलेत. त्या वर्षांबद्दल त्यांत लिहिलं आहे की परिस्थिती एकंदरीत आटोक्यात होती. झाडांनी तो अहवाल वाचला नसावा.

या विद्येचा एक नियम मात्र आहे, आणि तो मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो. लाकूड नवं निघालं तर त्याच्यावरचं चित्र नवंच असणार, कारण झाड जन्मायच्या आधी त्याच्यावर कोणी चित्र काढू शकत नाही. पण लाकूड जुनं निघालं म्हणून चित्र जुनं असेलच असं नाही. आजोबांच्या दारावर आज सकाळीही कोणी मारुती रंगवू शकतो. थोडक्यात, माझी पट्टी एखाद्याला खोटं ठरवू शकते, खरं ठरवू शकत नाही. असल्या विद्येची माणसाला फार लवकर नशा चढते.

साहेबाची बढाई ऐकून गावात माझं नाव झालं. जुनी चित्रं, रंगवलेले देव्हारे, दशावताराच्या फळ्या घेऊन लोक डेपोवर यायला लागले. कुणालाही वय जाणून घ्यायचं नसायचं, वय वाढवून घ्यायचं असायचं. इतवारीतले दोन चुलतभाऊ आपापल्या देवळातल्या रंगवलेल्या फळ्या घेऊन एकाच दिवशी वेगवेगळ्या टांग्यांतून आले. थोरला म्हणाला, "आमची किती जुनी आहे ते नका सांगू. फक्त त्याच्यापेक्षा किती जुनी आहे तेवढं सांगा." दोन्ही फळ्या एकाच झाडाच्या निघाल्या. दोघांनीही माझ्याशी बोलणं टाकलं, पण त्या निमित्तानं एकमेकांशी बोलायला लागले असं ऐकलं.

एक पाद्रीबाबा एकदा लाकडावर रंगवलेली मरियम घेऊन आले. फार देखणं चित्र. त्यांच्या देशातून आलेलं. मी टोक पाहिलं आणि हात जोडले. लाकूड तिकडच्या थंडीत वाढलेलं, त्याच्या रेघांत तिकडचे पावसाळे. माझी पट्टी चांदा-बालाघाटच्या पावसाची. "फादर," मी म्हणालो, "या लाकडाची बोली मला येत नाही." पाद्रीबाबांनी मोठा सुस्कारा सोडला. "देवानं वाचवलं," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "वरच्या लोकांना ती सहाशे वर्षांची पाहिजे आहे. आता त्यांना 'तेवढी जुनी नाही' असं सांगायची पाळी माझ्यावर येणार नाही." सबंध नोकरीत उत्तर मिळालं नाही म्हणून खूश झालेला हा एकटा माणूस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. गेली कित्येक वर्षं ते सांगायचं टाळतो आहे.

जुन्या शुक्रवारीच्या बाजूला रामाचं एक लहानसं देऊळ होतं. त्यात मूर्ती नव्हती. सागाच्या उभ्या फळीवर रंगवलेले राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती, असा देव होता. लोक त्याला 'फळीवरचा राम' म्हणत. चित्राला रोज आंघोळ घालणार कशी? रंग जायचा. म्हणून तिथली रीत अशी की रामाच्या पावलांच्या खाली चार बोटं जागा पितळी पत्र्यानं मढवलेली होती, रोजचं पाणी तेवढ्या जागेवर घालायचं. पाय धुतले की आंघोळ झाली. ही सेवा एका गुरव घराण्याकडे होती आणि त्या घराण्यात उरली होती एकटी सगुणाबाई. साठीची, विधवा, मूलबाळ नाही. देवळामागच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्याकडे भोसल्यांच्या दरबाराची सनद होती. तिच्यात असं की, ही फळी पुजली जाईल तोवर याच घराण्यानं सेवा करावी आणि मागच्या खोल्यांत राहावं.

देवळाच्या पंचकमिटीचे अध्यक्ष एक रावसाहेब होते. ही पदवी त्यांना नुकतीच मिळाली होती आणि अंगाला अजून टोचत होती. त्यांना त्या दोन खोल्या पाडून वडिलांच्या नावाचा हॉल बांधायचा होता. देवासाठी जयपूरहून संगमरवरी राम आणायचा होता, ज्याच्या पाठीवर देणगीदाराचं नाव कोरता येतं. म्हातारी हलेना. तेव्हा त्यांच्या वकिलानं शोध लावला की सनदेतली फळी कधीच वाळवीनं खाल्ली, ही आत्ताची फळी मागाहून कोणी केलेली आहे. सबब सनद संपली. प्रकरण कोर्टात गेलं. मुन्सफ तरुण आणि नव्या विद्येचे चाहते होते. त्यांनी हुकूम केला की फळीच्या लाकडाचं वय सरकारी परीक्षकानं काढावं.

सरकारी परीक्षक म्हणजे मी. काय सांगू, त्या दिवशी मी नवा कोट घातला.

देवळात बरीच गर्दी होती. फळी मखरात पक्की बसवलेली, वरची आणि बाजूची टोकं मखराच्या लाकडात गेलेली. मखर उचकटायचं की पितळी पत्रा थोडा उचलून खालच्या टोकाची चकती काढायची, एवढाच प्रश्न होता. रावसाहेब कळवळले. "अरे राम राम राम! देवाच्या डोक्यावर करवत चालवता का, भाई? पायाकडून घ्या. पायाचीच धूळ घ्यायची असते."

तेवढ्यात सगुणाबाई पुढे आली. "वरूनच घे ना गा बाबू. पाय काहून कापून राहिला त्याचे?"

"आजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "लाकूड वर काय आणि खाली काय, एकच. झाड एकच असतं."

"तरी वरून घे."

"काहून?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग भोवतीच्या लोकांकडे पाहिलं, रावसाहेबांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "काही नाही. घे तुह्या मनानं."

मला वाटलं, म्हाताऱ्या बायका अशाच असतात. मी पालथा पडून खालच्या टोकाची पातळ चकती कापून घेतली. शेंदूर, तेल आणि कित्येक वर्षांचं पाणी त्यात मुरलेलं होतं. तिथल्या तिथे वस्तऱ्यानं तासून भिंग लावलं, आणि मला आनंदाची उकळी फुटली. एक बारीक, दोन बऱ्या, मग केसाएवढी. डोळे झाकून ओळखावी अशी खूण. छप्पनचा काळ माझ्या तळहातावर होता, म्हणजे हे झाड त्या दुष्काळानंतरही जंगलात उभं होतं. भोसल्यांचं राज्य जाऊन तेव्हा पंचेचाळीसेक वर्षं झालेली! इतकं स्वच्छ उत्तर मला आजवर कधी मिळालं नव्हतं.

कोर्टात मी पट्टी उलगडली. ती टेबलावर मावेना म्हणून दोन शिपायांनी धरली. मी सागाच्या रेघांवर जवळजवळ व्याख्यानच दिलं. माणसं खोटं बोलतात, लाकूड बोलत नाही, असं काहीतरी वाक्यही टाकलं. ते मी आदल्या दिवशी घरी पाठ केलं होतं. मुन्सफांनी भिंगातून स्वतः पाहिलं आणि "कमाल आहे" म्हणाले. मग त्यांनी सगुणाबाईला विचारलं, "बाई, या अहवालावर तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

ती पिंजऱ्यात उभी होती. तिच्या वकिलानं खूण केली, काहीतरी बोल. "काही नाही म्हनायचं," ती म्हणाली.

लोकांत कुजबुज झाली. कबूल केलं म्हातारीनं, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. निकाल लागला. महिन्याभरात तिनं खोल्या रिकाम्या केल्या आणि बुटीबोरीला भाच्याकडे गेली. तेव्हा बुटीबोरी म्हणजे गाडी दोन मिनिटं थांबते असं एक खेडं. डेपोतल्या लोकांनी मला पेढे मागितले, आणि मी ते दिले. हे लिहायची लाज वाटते, पण दिले.

हॉल झाला. त्याच्या दर्शनी भिंतीवर रावसाहेबांच्या वडिलांचं नाव देवाच्या नावापेक्षा दीड वीत मोठं आहे. फळीवरचा राम तरी गाभाऱ्यात राहिला, कारण जयपूरचा राम यायला उशीर झाला, आणि आला तेव्हा वाटेत त्याचं नाक उडालेलं होतं म्हणून परत गेला. नवीन पगारी पुजारी नेमला. तो घाईचा माणूस, पाण्याऐवजी ओलं फडकं फिरवायचा. पुढे दुसरा संगमरवरी राम आला, धडधाकट, आणि फळी अडगळीत गेली.

सात वर्षांनंतरची गोष्ट. एके दुपारी डेपोसमोर मोटार थांबली. रावसाहेब उतरले, मागून दोन माणसांनी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. चादर काढली तर फळीवरचा राम. मखर नाही, पितळी पत्रा नाही, उघडा.

"काय आहे, मास्टरसाहेब," रावसाहेब मला खटल्यापासून विद्वान समजून मास्टरसाहेब म्हणत, "नागपुरात मोठं प्रदर्शन भरून राहिलं. लाटसाहेबांच्या मडम येणार. आमच्या घराण्याच्या संग्रहातली पुरातन वस्तू म्हणून हे मांडायचं आहे. तुम्ही फक्त लिहून द्या, भोसल्यांच्या वेळचं आहे म्हणून."

"रावसाहेब, हे नवं आहे असं तुम्हीच कोर्टात सिद्ध केलं."

"मी कुठं? तुम्ही केलं," ते म्हणाले. "आणि ते कोर्टाचं झालं. हे प्रदर्शनाचं आहे."

फळी टेबलावर आडवी ठेवली आणि सवयीनं माझी नजर टोकाकडे गेली. या वेळी वरच्या. ते आता मखरातून मोकळं झालं होतं. मी वस्तरा घेतला, तेल लावलं, भिंग धरलं. बारीक, दोन बऱ्या, केसाएवढी, ही खूण शोधत राहिलो. नव्हती. पुन्हा शोधली. नव्हतीच. तिथे दुसऱ्याच रेघा होत्या, जुन्या, दाट, आणि पट्टीवर त्या जिथे जाऊन बसल्या ती जागा भोसल्यांच्या ऐन भरातल्या वर्षांची होती.

मी फळी उलटी केली. पावलांच्या लगेच खाली, जिथे आधी पत्रा होता तिथे, एक सांधा होता. नुसता हात फिरवला तर कळू नये असा. कुणा उस्ताद सुतारानं रेघेशी रेघ मिळवून नवा तुकडा बसवला होता आणि बांबूच्या खुंट्या मारून वरून रंग दिला होता. मी कापून घेतली ती चकती या तुकड्याची होती. झाड एकच असतं, असं मी भर देवळात सांगितलं होतं.

"काय झालं?" रावसाहेब म्हणाले. "घाम काहून फुटला?"

मी त्यांना खरं लिहून द्यायला तयार झालो. फळी भोसलेकालीन लाकडाची आहे. खालचा तुकडा मागाहून जोडलेला आहे. मी आधी दिलेला अहवाल त्या तुकड्याचा होता आणि म्हणून चुकीचा होता. रावसाहेबांना पहिलं वाक्य फार आवडलं. बाकीची दोन गाळा म्हणाले. मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी फळी उचलून दुसऱ्या एका विद्वानांकडे नेली. त्यांनी भिंगसुद्धा न लावता, चहा पिता पिता, तीनशे वर्षं लिहून दिली. प्रदर्शनात राम काचेच्या पेटीत होता. खाली पाटी होती, 'रावसाहेबांच्या खासगी संग्रहातून'. लोक बूट घालून रांगेनं जात होते.

मी माझा अहवाल तरीही लिहिला, आणि आधी एका ओळखीच्या वकिलाला दाखवला. त्यानं तो वाचून चष्मा काढला. "उशीर झाला," तो म्हणाला. "सनदेत काय आहे? फळी पुजली जाईल तोवर. ती आता पुजली जाते का?"

तरी मी पॅसेंजरनं बुटीबोरीला गेलो. सगुणाबाई भाच्याच्या अंगणात तूर पाखडत बसली होती. खूप वाळली होती. मला ओळखलं लगेच. "तूच नं गा तो, रामाचे पाय कापनारा?"

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सांधा सापडला. चूक माझी झाली. तुमचा हक्क खरा होता. सांगून झाल्यावर मी खाली बसलो. ती पाखडायची थांबली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"माहीत नसन कसं? म्या डोळ्यानं पाह्यलं. छप्पनच्या काळानंतर सात-आठ वर्सानं. पानी घालू घालू रामाचे पाय सडले होते. सासऱ्यानं रामटेककडून सुतार आनला. सुतक पडलं म्हनून देऊळ तीन दिवस बंद ठेवलं. माह्या चुलत सासऱ्याले खोटंच मारलं त्यासाठी. तो चांगला जिता होता, त्याच आठवड्यात भेटाले आला त लपवून ठेवा लागला." ती जराशी हसली. "तुकडा बसवला, आन सगळ्याइनं देवाची आन घेतली, कोनाले सांगायचं नाही."

"पण कोर्टात सांगितलं असतं तर..."

"त काय? तुकडा जोडलेला देव म्हंजे खंडित देव. खंडित देवाले देवळात ठेवते का कोनी? दुसऱ्याच दिवशी नेऊन बुडवला असता तलावात. मंग सनद कायची अन् सेवा कायची? नाही सांगतलं त मी बाहेर, सांगतलं त तोही बाहेर. म्हनलं, एक त राहू दे आत."

मी म्हणालो, "निदान मला तरी सांगायचं होतं, बाई."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुले? तू पुसलं का मले? 'काहून' म्हनलं तू, भर पन्नास लोकाइत, त्या रावसाहेबाच्या पुढं. एकट्यानं येऊन पुसलं असतं, बाई, काय गोष्ट आहे, त सांगतलं असतं. तू लाकडाले पुसलं. मले नाही पुसलं."

मी पिशवीतून कागद-पेन्सिल काढली आणि म्हणालो, "आज पुसतो. सांगा." तिनं सांगितलं. सुताराचं नाव, तुकडा कुठल्या रानातल्या झाडाचा, खुंट्या किती, रंग कोणी दिला, आधीच्या पिढीत आणखी एकदा काय डागडुजी झाली होती आणि ती कुठल्या बाजूला होती. नंतर मी त्यातलं फळीवर दिसण्यासारखं होतं ते एकेक तपासून पाहिलं. प्रदर्शन संपल्यावर फळी एका लाकूडसामानाच्या वखारीत पडली होती, तिथे जाऊन. एकही गोष्ट चुकीची निघाली नाही.

अहवाल मी वरच्या कचेरीत पाठवला. आधीचा रद्द समजावा असं लिहून, आणि 'माहिती देणार' या रकान्यात सगुणाबाईचं नाव घालून. दोन महिन्यांनी कागद परत आला. शेरा होता, 'माहिती देणाराचा हुद्दा नमूद करावा.' मी लिहिलं, गुरव. पुन्हा परत आला. 'हा हुद्दा खात्याच्या यादीत नाही.' यादी मागवून पाहिली. तीत फॉरेस्ट गार्ड होता, माळी होता, हत्तीचा माहूतही होता. मग मी ते खोडून तिथे लिहिलं, हक्कदार. या वेळी कागद मंजूर होऊन आला, शिक्क्यासकट. कुणी वाचला नसणार. यादीही कुणी पाहिली नसणार.

त्याची नक्कल करून मी परत बुटीबोरीला गेलो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवली, तो एक शब्द दोनदा वाचला. तिनं कागद हातात घेतला, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"यानं काय होईन गा?"

मी तोंड उघडलं. वरिष्ठांकडे नोंद झाली आहे, भविष्यात कुणी अभ्यासक वगैरे, असं पुष्कळ काही जिभेवर आलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"काहीच नाही होणार, बाई," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून तिनं कमरेला खोचली. "आत्ता खरं बोलला."